पद्मिनीचं नाक डावीकडे का झुकलं?

पार्ल्यातल्या आमच्या सोसायटीत माझी गाडी लावायची जागा गटाराच्या कडेला आहे. तिथे कुठलीही गाडी थोडी कलंडलेलीच दिसते. त्यामुळे माझी जुनी प्रीमियर पद्मिनी डाव्या बाजूला मान टाकून उभी असते, हे कळायला मला दीड वर्ष लागलं. तेही मला कळलं नाही, खालच्या मजल्यावरच्या आजोबांना कळलं. "अरे, हिच्या डाव्या गुडघ्यात काहीतरी झालंय," ते म्हणाले. त्यांनी स्वतः मागच्या वर्षीच गुडघा बदलून घेतलाय, त्यामुळे नजर तयार होती.

गाडी एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या पोऱ्याने दोन्ही हातांनी पुढचं मडगार्ड दोनदा दाबलं आणि निदान करून टाकलं: "स्प्रिंग नरम झालीय, शॉकअप पण गेलेत." पुढचे दोन्ही शॉकअप नवे बसले, बिल झालं, आणि गाडी जशी झुकून गेली होती तशीच झुकून परत आली. राग आला, पण खरं सांगायचं तर चूक माझीही होती. मडगार्ड दाबून बघणं ही स्प्रिंगची परीक्षाच नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग. शॉकअप वजन पेलत नाही, तो फक्त हेलकावे शांत करतो. झोपाळ्याला धक्का देऊन सोडला की तो बराच वेळ हलत राहतो. कुणी पाय टेकवून तो थांबवला, तर तो पाय म्हणजे शॉकअप. मडगार्ड दाबून सोडल्यावर गाडी एकदा वर येऊन थांबली तर शॉकअप ठीक, तीन-चार वेळा डुलली तर गेला. एवढंच त्या दाबण्यातून कळतं. साधा तेलाचा शॉकअप काढून ठेवला तरी उभ्या गाडीची उंची बदलत नाही. म्हणून गाडी झुकली असेल तर नव्या शॉकअपने ती उठणार नाही. (गॅसचे शॉकअप थोडा रेटा देतात, पण झुकलेली बाजू सावरण्याइतका नाही.)

आता "नरम" या शब्दाकडे येतो. कुर्ल्याचा एक म्हातारा मिस्त्री, ज्याच्याकडे मी नंतर गेलो, तो हा शब्द कधीच वापरत नाही. तो म्हणतो, "स्प्रिंग बसली." मला आधी वाटलं, एकाच गोष्टीची ही दोन नावं. तसं नाही. मिस्त्रीचा शब्द पदार्थविज्ञानाच्या पुस्तकाइतका अचूक आहे.

साडीला लावायची पिन आठवा. नेहमीसारखी उघडली की ती परत पहिल्या जागी येते. एकदा कुणी ती फार फाकवली, तर सोडल्यावर ती थोडी उघडीच राहते. पण त्या वाकलेल्या पिनेला पुन्हा दाबून बघा, बोटाला जोर तेवढाच लागतो. तिची ताकद गेलेली नसते, तिची मूळ जागा सरकलेली असते. गाडीच्या स्प्रिंगचंही असंच होतं. किती वजनाला स्प्रिंग किती दबेल, हा हिशोब रॉबर्ट हूकने १६७८ मध्ये मांडला: जितका भार, तितकं दबणं. यातलं प्रमाण ठरतं तारेच्या जाडीवर, वेटोळ्याच्या व्यासावर, वेटोळ्यांच्या संख्येवर आणि पोलादाच्या स्वतःच्या ताठपणावर. पोलादाचा ताठपणा चाळीस वर्षांत बदलत नाही. बदलते ती स्प्रिंगची मोकळी लांबी, म्हणजे कुणीही दाबलेली नसताना ती जितकी उंच असते ती.

आकड्यांत बघू. समजा स्प्रिंग नवी असताना ३३० मिलीमीटर उंच होती आणि दर ४ किलोला १ मिलीमीटर दबते. तिच्यावर ४०० किलो आले की ती १०० मिलीमीटर दबून २३० वर थांबणार. वर्षानुवर्षं खड्डे आणि जास्तीचं ओझं सोसून तिची मोकळी लांबी ३२४ झाली. आता तेच ४०० किलो आले की ती पुन्हा १०० मिलीमीटरच दबणार, पण थांबणार २२४ वर. दबणं तेवढंच राहिलं, फक्त गाडी खाली आली.

मग बसलेल्या स्प्रिंगची गाडी नरम का वाटते? चाकाला वर जायला जी मोकळी जागा असते, तिच्या शेवटी एक रबरी ठोकळा असतो, बंप स्टॉप. गाडी आधीच खाली बसली असेल तर ही जागा कमी उरते आणि एरवी सहज गिळला गेला असता तो गतिरोधक ठोकळ्यावर आपटतो. खालून "ठक्क" आवाज येतो आणि मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणतं, "हिच्या स्प्रिंगा गेल्या वाटतं." ऐकू येतो तो ठोकळा, आणि दोष नरमपणाला जातो.

स्प्रिंग खरोखर नरम होण्याचं एक कारण मात्र मुंबईत घरोघरी आहे: गंज. वेटोळ्याची स्प्रिंग दाबली की तिची तार वाकते असं डोळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात ती पिळली जाते, ओला टॉवेल पिळतो तशी. (अँबॅसडरच्या पुढच्या बाजूला सरळ टॉर्शन बार असतो, तो उघडउघड पिळला जातो. त्याच सळईला गुंडाळलं की आपली स्प्रिंग झाली.) पिळाला विरोध करायची ताकद जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. १२ मिलीमीटरची तार गंजून साडेअकरा झाली, तर स्प्रिंगचा ताठपणा जवळजवळ १६ टक्क्यांनी घटतो. अर्धा मिलीमीटर म्हणजे तारेच्या चहूबाजूंनी जेमतेम पाव मिलीमीटरचा थर! त्यात भर म्हणजे गंजाचे खड्डे. तार मोडायची ती तिथूनच मोडते. खालचं शेवटचं वेटोळं, जिथे चिखल साचून राहतो, ते हात घालून चाचपून बघा. तिथे तुटलेला तुकडा जागच्या जागी अडकून बसतो आणि वरवर बघणाऱ्याला दिसतही नाही.

एवढं कळल्यावर मी मोजमापाला बसलो. हाच खरा भाग आहे, आणि इथेच लोक घाई करतात.

पहिली अडचण जमिनीची. सोसायटीचं आवार पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून मुद्दाम उतरतं केलेलं असतं. मी गवंड्याकडून पाण्याची पारदर्शक नळी आणली, ज्याने ते भिंतींची पातळी काढतात. नळीत पाणी भरायचं, दोन टोकं दोन चाकांपाशी धरायची, दोन्हीकडे पाणी एकाच पातळीवर येतं. तिथून जमिनीपर्यंतचं अंतर मोजलं की उतार कळतो. माझ्या जागेवर डावी बाजू तब्बल ३१ मिलीमीटर खाली होती. सगळं आवार फिरून शेवटी पाण्याच्या टाकीच्या झाकणाशेजारी एक सपाट पट्टा सापडला.

मग हवा. चारही टायर एका मापाचे आणि दाब पुस्तकात लिहिलेला. डिकी रिकामी, स्टेपनी जागेवर. आणि एक गोष्ट, जी मलाही कुणी सांगितली नव्हती: गाडी जॅकवरून उतरवून लगेच मोजायची नाही. उचललेली चाकं खाली लोंबकळताना आत ओढली जातात, आणि जमिनीला टेकली की टायर रस्त्याला धरून ठेवतात, त्यामुळे गाडी खोटीच उंच उभी राहते. तीन-चार मीटर मागेपुढे ढकलायची, प्रत्येक कोपरा हलकेच दाबून सोडायचा, मग टेप काढायचा.

माप जमिनीपासून घेऊ नका. चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत घ्या, म्हणजे टायरची झीज आणि हवा हिशोबातून बाद होतात. पण मुंबईची जुनी गाडी म्हटल्यावर डेंटिंग-पेंटिंग झालेलं असणार. मडगार्डची कड म्हणजे कधीकधी नुसती पुटीच असते. डावी कड उजवीपेक्षा सेंटीमीटरभर खाली लागलेली गाडी मी पाहिलीय. म्हणून दुसरं मापही हवं: चाकाचा खालचा आर्म गाडीच्या बाजूला जिथे बिजागरीसारखा जोडलेला असतो तो बिंदू, आणि त्याचं चाकाकडचं टोक, दोन्हींची जमिनीपासूनची उंची. यातला फरक पुटी-पत्र्याला फसत नाही.

माझ्या गाडीत पुढे डाव्या-उजव्या बाजूत फरक आला १४ मिलीमीटर. "डावी स्प्रिंग बसली," म्हणून मी उठणार होतो. मिस्त्रीने बसवलं. "मागचे पाटे बघितले का?" पाटे म्हणजे मागच्या कमानदार पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा.

गाडी म्हणजे चार पायांचं टेबल. एक पाय आखूड झाला की कुठला कोपरा खाली जाईल हे बाकीच्या तिघांवरही ठरतं. मागचा एखादा कमानपाटा सपाट झाला तरी नाक झुकू शकतं. पद्मिनीला पुढे प्रत्येक चाकाला वेगळी वेटोळ्याची स्प्रिंग, मागे मात्र एकसंध धुरा आणि पाटे. यातून दोषी शोधायची युक्ती साधी आहे. पुढच्या चाकांना मागून-पुढून लाकडी ठोकळे लावायचे आणि मागच्या धुऱ्याला बरोबर मधोमध, डिफरन्शियलच्या गोळ्याखाली जॅक लावून चाकं जेमतेम अधांतरी होतील इतकंच उचलायचं. आता मागची बाजू एका टोकावर तोललेली आहे, तिला डावं-उजवं काही मत उरलेलं नाही. गाडी अजूनही झुकत असेल तर दोष पुढे. सरळ झाली तर मागे. पुढे अँटी-रोल बार, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी सळई, असेल तर त्याचं एक टोक सोडून ठेवायचं, कारण तो दोन्ही बाजूंना एकमेकींच्या पापात सहभागी करतो. आणि नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, टेप हात लांबवून धरायचा.

मागचा धुरा उचलल्यावर माझा १४ मिलीमीटरचा फरक २२ झाला. मागचे पाटे दोषी नव्हते. उलट तेच इतके दिवस पुढचं दुखणं झाकत होते.

हे झाकण्याचं काम टॅक्सींमध्ये फार ठळक असायचं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिन्या पुढे सीएनजीवर गेल्या, आणि डिकीत जाडजूड पोलादी सिलिंडर आला. मागची बाजू खाली बसली की नाक वर दिसतं, आणि पुढच्या स्प्रिंगा कितीही बसलेल्या असोत, गाडी ऐटीत उभी वाटते. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. पण टॅक्सीचे सुटे भाग अजून फिरतायत, तेव्हा तशी स्प्रिंग हाती आली तर ती कशाखाली वाकून आलीय हे लक्षात ठेवा.

मोजमापाशिवायचे पुरावेही असतात. माझ्या घरात गणपतीची उरलेली शाडू होती. तिची लिंबाएवढी गोळी बंप स्टॉपवर चिकटवली आणि स्टेशनपर्यंत एक फेरी मारली. परत आलो तर डावीकडची गोळी चपाती झालेली, उजवीकडची जशीच्या तशी. एकट्याने, नेहमीच्या वेगाने, रोजच्या रस्त्याने ठोकळा टेकत असेल तर उंची गेली आहे, याहून स्पष्ट साक्ष नको. टायरही बोलतो. अशा रचनेत गाडी खाली बसली की बहुधा चाकाचं डोकं आत झुकतं आणि टायरची आतली कड आधी झिजते. ओळंबा मडगार्डवरून चाकासमोर सोडा आणि रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. १४ इंची चाकावर सहा-सात मिलीमीटरचा फरक म्हणजे साधारण एक अंश. दोन्ही बाजूंचं नाक बसलं असेल तर स्टिअरिंगही सैरभैर वाटतं. पद्मिनीच्या पुढच्या-मागच्या चाकांत २३४० मिलीमीटर अंतर आहे. नाक ३० मिलीमीटर खाली आलं की सगळी गाडी पाऊण अंशाने पुढे वाकते, आणि सरळ चालायला मदत करणारा चाकाचा मागे रेललेला कोन तेवढाच कमी होतो. लोक स्टिअरिंग बॉक्स उघडतात. उंची कुणी बघत नाही.

माझ्या मनात एक शंका मात्र राहिली होती. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, आणि ही गाडी बाबा बहुतेक एकट्याने चालवायचे. मग बसायची तर उजवी स्प्रिंग आधी बसायला हवी होती. डावी का?

उत्तर स्प्रिंग काढल्यावर मिळालं. काढण्याबद्दल आधी एक ताकीद. ४०० किलोंनी १०० मिलीमीटर दबलेल्या स्प्रिंगमध्ये जवळजवळ २०० ज्यूल ऊर्जा कोंडलेली असते. घरचा भरलेला गॅस सिलिंडर सुमारे ७० सेंटीमीटरवरून पायावर पडला तर तेवढीच. हे काम स्प्रिंग दाबून धरणारा योग्य कॉम्प्रेसर असलेल्या मिस्त्रीचं आहे. साखळी आणि दोरी बांधून स्प्रिंग काढणारे मी पाहिलेत. त्यांच्यापासून मी चार हात लांब उभा होतो.

दोन्ही स्प्रिंगा फरशीवर शेजारी उभ्या केल्या. डावी उजवीपेक्षा फक्त ६ मिलीमीटर आखूड. वेटोळी सारखी, तारेची जाडी वर्निअरने मोजली तर सारखी. मग २२ मिलीमीटर आले कुठून? मिस्त्रीने स्प्रिंगच्या डोक्यावरची बैठक बोटाने खरवडली आणि काळा भुगा माझ्या तळहातावर ठेवला. उजवीकडे स्प्रिंग आणि पत्रा यांच्यामध्ये ५ मिलीमीटरची रबरी गादी शाबूत होती. डावीकडे ती कुजून गेली होती. डावं चाक रस्त्याच्या कडेने, गटाराच्या पाण्यातून चालतं आणि गाडी उभीही राहते डाव्या अंगाने गटारावरच, हे तेव्हा डोक्यात आलं.

तरी ६ आणि ५ मिळून ११च होतात. राहिलेला दुप्पट दाराने समजतो. दाराच्या मधोमध हात ठेवून वीतभर ढकललं तर कडेचं टोक दोन विती सरकतं. स्प्रिंग खालच्या आर्मच्या साधारण मध्यावर उभी असते आणि चाक टोकाला, म्हणून स्प्रिंगपाशी गेलेला १ मिलीमीटर चाकापाशी २ होतो. हे प्रमाण प्रत्येक गाडीत वेगळं असतं, पण बहुधा एकाहून मोठंच. स्प्रिंगखाली पॅकिंग घालतानाही हे विसरायचं नाही, नाहीतर १० मिलीमीटरची चकती घालून गाडी बेडकासारखी उभी राहते.

नुसती मोकळी लांबी जुळली म्हणून स्प्रिंग चांगली, असंही नाही. बाजारातली स्प्रिंग जाड तारेची असेल तर ती आखूड असूनही गाडी उंच धरते. खरी परीक्षा प्रेसवर होते: ठरावीक उंचीपर्यंत दाबायची आणि किती किलो लागले ते वाचायचं. कारखान्याच्या पुस्तकात आकडा असेल तर त्याच्याशी ताडायचं, नसेल तर निदान दोन्ही स्प्रिंगा एकमेकींशी. माझ्या दोघींना सारखाच ताठपणा निघाला. एक बसली होती, नरम कुणीच नव्हती.

दुरुस्तीत मी एका गोष्टीवर अडून बसतो. गॅसच्या ज्योतीने लाल करून स्प्रिंग ताणून देणारे अजून आहेत. घेऊ नका. पोलादाला जे पाणी दिलेलं असतं ते त्या लालीत उतरतं, आणि काही महिन्यांत स्प्रिंग पहिल्यापेक्षा खाली बसते. पूर्ण स्प्रिंग भट्टीत तापवून, तेलात विझवून, पुन्हा बेताने तापवून घेणारा कारखाना मिळाला तर गोष्ट वेगळी. ज्योतीचा नळा घेऊन फूटपाथवर उकिडवं बसणं म्हणजे ते नव्हे. वेटोळ्यांमध्ये कोंबायचे रबरी बफरही मला पटत नाहीत. ते काही वेटोळ्यांना काम करू देत नाहीत आणि सगळा पीळ उरलेल्यांवर टाकतात. नव्या स्प्रिंगा मिळत असतील तर जोडीने बदला. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि ऑपेरा हाउसच्या दुकानांत अजून जुना माल निघतो, मात्र वर्निअर खिशात घेऊन जा आणि तार दुकानातच मोजा. तारेवर गंजाचा खड्डा दिसला तर स्वस्त असली तरी परत ठेवा.

मी नव्या घेतल्या नाहीत. बसण्याचं प्रमाण थोडं होतं, तार निरोगी होती. दोन्हीकडे नव्या रबरी गाद्या घातल्या, डावीकडे वरून ७ मिलीमीटरची पोलादी चकती, मग अलाइनमेंट. उंची बदलली की अलाइनमेंट पुन्हा करावीच लागते, आणि हेडलाइटचा झोतही. माझा झोत इतके दिवस समोरच्या गाडीच्या नंबर प्लेटवरच अडकत होता, हे तेव्हा कळलं.

हजार किलोमीटरनंतर त्याच टाकीशेजारी, तीच नळी आणि तोच टेप घेऊन परत मोजलं. डावी बाजू उजवीपेक्षा २ मिलीमीटर उंच आहे. मिस्त्री म्हणाला, चकती थोडी घासून देतो. मी नको म्हटलं. गाडी चालवताना उजवीकडे मी बसलेला असतो.